सुट्टीत पाणी कोण देतं? शेती शिकवायला निघालेल्या एका छात्राध्यापिकेच्या शाळाभेटी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली इंटर्नशिप २० आठवड्यांची झाली. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी सलग १६. हे १६ आठवडे कुठे काढायचे हे बहुतेक ठिकाणी घराचा पत्ता बघून ठरतं. यादी लागते, मुलं एसटीचं वेळापत्रक बघतात, एखाददुसरी अदलाबदल होते आणि शाळावाटप संपतं. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या छात्राध्यापकाला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण नववीचं गणित कुठल्याही शाळेत असतंच. शेतीचं तसं नाही. शेती शिकवायची तर शाळेत जागा हवी, पाणी हवं, वेळापत्रकात तास हवा आणि मुलांच्या हातात काम देण्याची शाळेची तयारी हवी. यातलं काहीच यादीवरून कळत नाही.

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या एका बी.एड. महाविद्यालयातलं आहे, जिथे मी विज्ञान अध्यापन पद्धती शिकवतो. छात्राध्यापिका कृषी पदवीधर होती. चौथ्या वर्षाच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवात ती एका गावात राहून आली होती, शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आमच्याकडे शेती ही स्वतंत्र अध्यापन पद्धती नसल्यामुळे तिने विज्ञान घेतलं. तिचं म्हणणं मात्र पहिल्या वर्षापासून ठाम होतं: जिथे मुलं शेती विषय म्हणून शिकतात अशाच शाळेत तिला इंटर्नशिप करायची होती, आणि शाळा ठरण्याआधी ती डोळ्यांनी बघायची होती. महाविद्यालयाने तिला पत्र दिलं. जून अखेर ते जुलैचा मध्य, म्हणजे शाळा सुरू होऊन घडी बसत असतानाच्या काळात, तिने भेटी दिल्या. काही भेटींना मी सोबत होतो. बाकीचं तिच्या नोंदवहीवरून लिहितो आहे.

निघण्यापूर्वी आमची बराच वेळ चर्चा झाली ती कुठल्या दिवशी जायचं यावर. शाळेला न कळवता जाणं योग्य नाही. मुख्याध्यापकांना फोन करून, पत्र दाखवूनच आत जायचं. पण ‘कधीही या’ असं उत्तर आलं तर दिवस आपण निवडायचा आणि तो शेतीचा तास ज्या दिवशी असेल तोच. इतर दिवशी फक्त वाफे दिसतात, मुलं दिसत नाहीत. कार्यक्रमाचा दिवस टाळायचा. पाऊस पडत असेल तर भेट पुढे ढकलायची नाही, कारण जुलैच्या पावसात शाळेच्या तुकड्यावर पाणी साचतं की निचरा होतो हे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा लवकर कळतं.

पहिली शाळा हमरस्त्यालगतची, एका मोठ्या संस्थेची. तिथे दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे, ठिबक आहे, टायमरवर चालणारी मोटर आहे आणि आत ढोबळी मिरची उत्तम उभी होती. मुख्याध्यापक मनापासून दाखवत होते. कृषी पदवीधर मुलीला असं पॉलिहाउस दिसल्यावर पाय निघेना, हे मी बघत होतो. तिने सुतळीवर चढवलेल्या फांद्या पाहिल्या, पानं उलटी करून फुलकिडे आहेत का बघितलं, खताचं वेळापत्रक वाचलं. सगळं चोख. मग तिने बाहेर रांगेत उभ्या असलेल्या आठवीच्या मुलांना विचारलं, की मिरची कोण तोडतं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, “तोडायला बायका येतात, आम्ही बघायला येतो.”

पॉलिहाउस संस्थेचा व्यवस्थापक चालवतो. माल बाजारात जातो आणि त्या पैशातून शाळेचा काही खर्च भागतो. यात गैर काही नाही. चालू धंद्यात आठवीच्या मुलाच्या हातून शेंडा मोडला तर नुकसान खरं असतं, त्यामुळे व्यवस्थापकाने मुलांना दारात थांबवणं समजण्यासारखं आहे. पण मग तिथे शिकवायचं कशावर? मुलाला चुकायला जागाच नाही. “सुट्टीत पाणी कोण देतं?” या तिच्या प्रश्नावर उत्तर आलं, “टायमर आहे ना.”

त्याच शाळेत निघताना फाटकाजवळ उशिरा आलेली चार-पाच मुलं गवत उपटत बसलेली दिसली. शिपाईमामांनी सहज सांगितलं, की उशीर झाला की गवत काढायचं, तेवढीच आवारात स्वच्छता. तिच्या वहीत त्या दिवशीची सर्वांत लांब नोंद याच गोष्टीवर आहे, आणि मला वाटतं ती योग्य आहे. जिथे खुरपं हे शिक्षेचं साधन आहे, तिथे गुरुवारी तेच खुरपं हातात देऊन ‘आज आपण आंतरमशागत शिकू’ म्हणणाऱ्या शिक्षकाला मुलं काय समजतील? ज्या मुलांचे आईवडील रोजाने खुरपायला जातात, त्यांच्यासाठी तर हा अपमान दुहेरी आहे. शाळाभेटीत पॉलिहाउस किती गुंठ्यांचं हे विचारायला सगळेच शिकवतात. शिक्षा काय असते हे विचारायला मी आता प्रत्येकाला सांगतो.

दुसऱ्या ठिकाणाबद्दल थोडक्यात. ते कनिष्ठ महाविद्यालय होतं, अकरावी-बारावीला द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रमात पीकशास्त्र हा २०० गुणांचा विषय. शिकवणारे सर जाणकार, निवृत्तीला आलेले. बाटल्यांमध्ये बियाण्यांचे नमुने, कागदावर वाळवून चिकटवलेली तणं, नीट लावलेली जर्नलं. तिला तिथे फार बोलायला मिळालं आणि सरांकडून शिकायलाही. पण वर्गातली बरीच मुलं खासगी क्लासला असतात आणि प्रात्यक्षिकाला तेवढी उगवतात. शिवाय आमच्याकडे पाठ आठवी ते दहावीलाच मोजले जातात. तो पर्याय तिथेच संपला. सरांनी तिला एक सल्ला मात्र दिला, जो पुढे फार उपयोगी पडला: “शाळेचं वार्षिक नियोजन मागून घे. पीक तुझ्या पाठाची वाट बघत नाही.”

तिसरी शाळा आडबाजूला, एका छोट्या संस्थेची. तिथे आठवी ते दहावीला आयबीटी आहे. ज्यांना हा अभ्यासक्रम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजेच आयबीटी) हा अभ्यासक्रम तिथून निघाला आणि माध्यमिक शाळांपर्यंत गेला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग असतात आणि आठवड्यातला साधारण एक दिवस मुलं हाताने काम करतात. शिकवणारे निदेशक बहुतेकदा आसपासच्याच गावचे, त्या त्या कामात मुरलेले. कामाचा खर्च काढणं हा या शिक्षणाचा भाग असतो.

शाळेच्या मागे बोअरशेजारी तीन गुंठ्यांचा तुकडा होता. काळी जमीन. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे खालच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. मेथीचे दोन वाफे पिवळे पडत चालले होते आणि एका वाफ्यात काहीच नव्हतं. पॉलिहाउस बघून आलेल्या नजरेला हे दृश्य साधंच वाटलं असणार. त्या रिकाम्या वाफ्याच्या टोकाला कामटीवर पुठ्ठा लावला होता आणि त्यावर मुलांच्या अक्षरात लिहिलं होतं: “कोथिंबीर उगवली नाही. कारण धने न रगडता पेरले. तारीख बघा, परत पेरणार.”

धन्याचं फळ दोन दलांचं असतं. रगडून ते फोडलं नाही तर उगवण उशिरा आणि विरळ होते, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत असतं. मुलांनी ते विसरून बघितलं आणि लिहून ठेवलं. तिने निदेशकांना विचारलं, की पुठ्ठा कुणी लावायला सांगितला. ते म्हणाले, “पोरांनीच लावला. मी म्हटलं, झाकू नका.” मग त्यांनी हिशेबवही दाखवली. बियाणं, शेणखत, मजुरी म्हणून धरलेले मुलांचे तास, शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघराला दिलेल्या जुड्या, शिक्षकांना विकलेल्या जुड्या. फसलेल्या वाफ्याचा खर्चही त्यात होता. तिने मला नंतर सांगितलं, की तिचा निर्णय ही वही बघतानाच झाला.

पाण्याचा प्रश्न तिने इथेही विचारला, तोही निदेशकांऐवजी मुलांना. नववीतल्या एका मुलीने उत्तर न देता तिला शेडमध्ये नेलं. दाराच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पाळ्यांचा कागद होता. गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, रविवार, सगळे दिवस मांडलेले. शाळेजवळच्या वाडीतल्या मुलांची नावं त्यात जास्त होती आणि लांबून येणाऱ्यांनी त्याबदल्यात शेणखत आणायचं ठरलं होतं. अवजारांच्या पेटीची किल्ली वर्गप्रतिनिधीकडे होती.

या एका प्रश्नाला मी एवढं महत्त्व का देतो ते सांगायला हवं. शाळा सुट्ट्यांवर चालते, पीक चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी पाणी दिल्याशिवाय शाळेत भाजीपाला टिकत नाही. तो कुणीतरी माळी असेल तर शेत माळ्याचं आहे, शिपाईमामा असतील तर त्यांच्यावर लादलेलं आहे, टायमर असेल तर कुणाचंच नाही. आणि मुलं पाळीने येत असतील तर त्यांनी ते आपलं मानलेलं आहे. शेतीशिक्षणाबद्दल शाळेचं म्हणणं काय आहे हे कळायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

तिसरी शाळा अडचणींपासून मुक्त होती असं मात्र नाही. तासाला मुलगे मोटर चालू करत, नळ्या जोडत, फवारणीचा पंप पाठीवर घेत आणि मुली निंदणी करत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, आपोआप झालं होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. तिने पहिल्याच भेटीत ते टिपलं. दुसरी अडचण व्यवस्थेची. निदेशक बी.एड. नाहीत, त्यामुळे आमच्या नियमाने ते मार्गदर्शक शिक्षक होऊ शकत नव्हते. पाठ बघून सही करायचा अधिकार विज्ञानाच्या बाईंना. बाई कामसू, पण दहावीच्या अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: “मॅडम, तुम्ही मागे वाफ्यात काय करायचं ते करा, पण माझे धडे राहायला नकोत.” मुख्याध्यापकांना ऑफ तासांना माणूस हवा होता. आमचा नियम, बाईंचे धडे आणि मुख्याध्यापकांचे ऑफ तास, हे तिन्ही आग्रह खरे होते आणि इंटर्नशिप सुरू होण्याआधीच कळले हे बरं झालं.

आणखी एक प्रश्न शाळेच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर भेटला. एका पालकाने तिला विचारलं, “आम्ही दिवसभर तेच करतो. पोराला शाळेत कशाला घातलंय? तिथं तरी पुस्तक उघडू द्या.” हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं असं मागितलं होतं, आणि त्याच यादीत वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणही होतं. त्या बापाची तक्रार शेतीच्या ज्ञानाबद्दल नव्हती. ज्ञानाच्या नावाखाली नुसती मजुरी होईल ही भीती होती. तिने त्यावरून स्वतःपुरता एक नियम केला: ज्या कामातून मोजणी, नोंद किंवा प्रश्न निघत नाही ते काम तासाला द्यायचं नाही. वाफा खणायचा तर त्याची लांबी-रुंदी मोजून बियाण्याचं प्रमाण काढायचं. निंदायचं तर तणं ओळखून गट पाडायचे. यातलं काहीच करता येत नसेल तर त्या दिवशी खुरपं शेडमध्येच राहील.

कनिष्ठ महाविद्यालयातल्या सरांचा सल्ला इथे कामी आला. तिने विज्ञानाच्या बाईंकडून वार्षिक नियोजन मागून घेतलं. नववीच्या विज्ञानात ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’ हा धडा आहे आणि त्यात रायझोबियम येतो, म्हणजे द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारा जिवाणू. बाईंनी तो नियोजनात सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतला होता. द्विदल पिकाच्या मुळावरच्या गाठी नीट दिसायला पेरणीनंतर साधारण पाच-सहा आठवडे लागतात. मागे मोजत गेलं तर पेरणी जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आत व्हायला हवी होती, म्हणजे इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी. तिने त्याच भेटीत निदेशकांशी बोलून दोन सरी सोयाबीनच्या ठरवल्या. एका सरीच्या बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू संवर्धक लावायचं, दुसरीच्या नाही. पाणी साचणारा खालचा कोपरा टाळून वरच्या बाजूची जागा निवडली. ती जागा तिने पावसात पाहिली होती म्हणून निवडता आली.

पिकांची निवडही त्या १६ आठवड्यांना धरूनच झाली. तूर बहुतेकदा १४० दिवसांच्या पुढे जाते, म्हणजे तिने पेरली असती तर काढणी तिला बघायला मिळाली नसती. मेथी महिनाभरात निघते, मुळा सहा आठवड्यांत, त्यामुळे एकाच मुलाला पेरणीपासून विक्रीपर्यंतचा फेरा दोनदा करता येतो आणि पहिल्या फेऱ्यात चुकलेलं दुसऱ्यात सुधारता येतं. इंटर्नशिपच्या शेतीत मला तरी कमी दिवसांची भाजी हेच सर्वांत योग्य पीक वाटतं. मोठ्या पिकाचा मोह कृषी पदवीधरांना फार होतो, कारण त्यांचं शिक्षणच ऊस, कापूस, गहू यांच्याभोवती झालेलं असतं.

ऑगस्टमध्ये ती रुजू झाली. ऑफ तास घेतले, दहावीच्या सराव चाचण्या तपासल्या, बाईंचे राहिलेले धडे उरकले. भेटीतच हे ओझं दिसलेलं असल्याने तिने त्याचा त्रास करून घेतला नाही. त्याबदल्यात बाई आठवड्यातून एक विज्ञानाचा तास मागच्या तुकड्यावर घ्यायला तयार झाल्या. आम्ल-आम्लारीच्या धड्याला मुलांनी घरच्या शेतातली माती आणली आणि लिटमसऐवजी सामू (पीएच) कागदावर तपासली. कामाच्या वाटणीसाठी तिने चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला मोटरची चिठ्ठी एका मुलीला निघाली तेव्हा मुलग्यांनी कुरकुर केली, निदेशकांनी स्टार्टर आणि फ्यूज कसे हाताळायचे ते सगळ्या वर्गाला पुन्हा दाखवलं आणि विषय मिटला. फवारणीचा पंप मात्र तिने कुणालाच दिला नाही. शाळेच्या वाफ्यात रासायनिक कीटकनाशक मुलांनी मारू नये या मताची ती होती आणि मीही आहे. निंबोळी अर्क निदेशकांनी स्वतः मारला.

सप्टेंबरचा तो पाठ मी बघितला. मुलांनी दोन्ही सरींतली सोयाबीनची झाडं मुळांसकट अलगद उपटली, पाण्यात धुतली आणि गाठी मोजल्या. ब्लेडने कापलेल्या गाठी आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे त्या काम करत होत्या. अपेक्षा अशी होती, की जिवाणू लावलेल्या सरीत गाठी ठळकपणे जास्त असतील. तसं झालं नाही. दोन्हीकडे गाठी भरपूर होत्या आणि फरक इतका कमी, की कुठल्या सरीतलं झाड कुठलं हे मोजून सांगता येईना. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाजूचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, या जागेत मागच्या साली सोयाबीनच होतं. जिवाणू मातीत आधीच असतील.” ज्या जमिनीत सोयाबीन घेतलं जातं तिथे त्याचे जिवाणू टिकून राहतात, हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्याला त्या तुकड्याचा इतिहास माहीत होता. पुढची पंधरा मिनिटं, सोयाबीन कधीच न घेतलेली माती गावात कुठे मिळेल यावर चर्चा चालली. विज्ञानाच्या बाई, ज्या फक्त सहीसाठी आल्या होत्या, त्या चर्चेत मुलांइतक्याच बोलत होत्या.

आमच्या पाठ निरीक्षण तक्त्यात फलकलेखनाला गुण आहेत. वाफ्यात फळा नव्हता. एका सहकाऱ्याच्या मते त्या रकान्यात शून्य द्यायला हवं होतं. मी ‘लागू नाही’ लिहिलं, उरलेल्या रकान्यांतून टक्केवारी काढली आणि विभागाच्या बैठकीत त्यावर वाद झाला. तक्ता आखताना बंद वर्गखोलीच डोळ्यांसमोर होती. जिथे मुळं धुणं, मोजणं, शंका काढणं हाच पाठ आहे तिथे बघायच्या गोष्टी वेगळ्या: साधनं पुरेशी होती का, प्रत्येक मुलाच्या हातात काम होतं का, नोंद कोण करत होतं, अनपेक्षित निकाल आल्यावर शिक्षिकेने तो दाबला की धरून ठेवला. असा वेगळा तक्ता मी मांडला आहे. त्याच बैठकीत दुसरी मागणीही ठेवली, की शेतीच्या पाठांपुरती आयबीटी निदेशकांची सही मार्गदर्शक म्हणून ग्राह्य धरावी. धने रगडण्यापासून मोटरच्या स्टार्टरपर्यंत ज्या माणसाने तिला आणि वर्गाला शिकवलं, त्याचं नाव तिच्या इंटर्नशिपच्या एकाही कागदावर नाही.

तक्ता मंजूर झाला. सहीचा प्रश्न विद्यापीठाच्या नियमात अडकला आहे. तोवर आम्ही दोन सह्या घेतो, एक नियमाची आणि एक निदेशकांची. या जूनपासून विज्ञान पद्धतीच्या ज्या मुलांना आयबीटी असलेली शाळा हवी आहे, त्यांना वाटपाआधी भेटीचं पत्र मिळतं, आणि पत्रासोबत एक कोरी वही.